ऑफर लेटरवरचा पगार म्हणजे ओल्या टॉवेलचं वजन

मागच्या रविवारी भाचा आला जुळे सोलापुरातून, गाडी नीट स्टँडला लावायच्या आधीच ओरडायला लागला. मला वाटलं लग्नबिग्न ठरलं की काय. "मामा, पुण्याची ऑफर आली! वर्षाला चार लाख ऐंशी! महिन्याला चाळीस मिळायलेत!"

"चाळीस कोण म्हणालं बे तुला?"

"चार ऐंशी भागिले बारा."

भागाकार बरोबर होता पोराचा. पण चाळीस हजार काही त्याच्या खात्यात येणार नव्हते, आणि हे त्याला चार वर्षं नोकरी करूनही माहीत नव्हतं याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. मी आयुष्यभर पगाराचीच कामं केली, आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात, मग सात वर्षं पुण्यात, आता परत इथं. टॉवेलवाल्यांना एक गोष्ट लहानपणापासून कळते, माल ओला असताना काट्यावर ठेवायचा नाही. आधी वाळू दे, मग वजन कर. ऑफर लेटरवर जो मोठा आकडा असतो ना, सीटीसी, तो ओल्या टॉवेलचं वजन आहे. त्यातलं पाणी किती ते काढल्याशिवाय हो म्हणायचं नाही, एवढंच त्या दिवशी दोन तास त्याला समजावत होतो, तेच इथं लिहून काढतोय.

सीटीसी म्हणजे तुझा पगार नाही. तुला कामावर ठेवायला कंपनीला वर्षाला एकूण किती खर्च येतो तो आकडा. त्यात तुझ्या हातात येणारे पैसे असतात, तुझ्या नावावर पण दुसरीकडे जमा होणारे असतात, कधीतरी अटी पाळल्या तर मिळतील असे असतात, आणि काही तुला कधीच दिसणार नाहीत असेही असतात. सगळे एकाच रकान्यात.

भाच्याच्या लेटरला मागं एक पान जोडलेलं होतं, ॲनेक्शर. त्यानं ते उघडलंच नव्हतं. खरं लेटर म्हणजे तेच पान, पुढचं "वेलकम टू द फॅमिली" वगैरे नुसतं सजावट. आम्ही वही घेतली आणि महिन्याचा हिशोब मांडला. एकूण ४०,००० मधले ४,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाचे ४८,०००, ते कंपनीचा आणि त्याचा परफॉर्मन्स बघून वर्षाच्या शेवटी, म्हणजे मिळाले तर मिळाले. बेसिक, म्हणजे मूळ पगार, होतं १७,०००. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), २,०४०, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं टिकलं तर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, ८१८ रुपये. मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता ५४२. हे सगळं वजा केलं की ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार, उरला ३२,६००. झालं का? नाही. आता या ग्रॉसमधून त्याचा स्वतःचा पीएफ परत २,०४० कापणार, आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचा २,५०० रुपये.

हातात ३०,३६०.

पोरगं गप्प झालं. बहिणीनं आतून विचारलं चहा ठेवू का, कोणी उत्तर दिलं नाही.

आता यात कोणी फसवलं असं अजिबात नाही हे मी त्याला आधी सांगितलं, सीटीसी दाखवायची पद्धतच अशी आहे, सगळीकडे आहे. आणि कापलेलं सगळं वाया गेलं असंही नाही. पीएफचे दोन्ही हिस्से त्याचेच आहेत. व्हेरिएबल आणि ग्रॅच्युइटी हे मात्र पाणी. टॉवेल किती वाळेल ते आज सांगता येत नाही.

(बायकांना इथं एक फायदा आहे, १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर महिलांना प्रोफेशनल टॅक्स नाही. तरी काही छोट्या ठिकाणी सवयीनं कापतात, स्लिप बघत जा.)

फंडाचं काय

सोलापुरात पीएफ कोणी म्हणत नव्हतं, फंड म्हणायचे. मिलमधले, यंत्रमागावरचे, विडीवाल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी फंडाचे पैसे. घरातलं लग्न, पत्र्याच्या जागी स्लॅब, सगळं फंडावर. त्यामुळं फंड म्हणजे नोकरी सोडली की काढायचा असतो हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि नोकरी बदलताना सगळ्यात मोठी चूक तिथंच होते.

पीएफ चालतो कसा ते आधी बघू. तुझ्या बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १२ टक्के तुझ्याकडून, तेवढेच कंपनीकडून. तुझे १२ टक्के पूर्ण पीएफ खात्यात. कंपनीच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शन स्कीमला जातात, पण ते १५,००० च्या मर्यादेवरच मोजतात, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० केली होती. भाच्याच्या केसमध्ये कंपनीच्या २,०४० मधले १,२५० पेन्शनला आणि ७९० पीएफला. पासबुक उघडून "माझ्या कंपनीनं पैसे कमी भरले" म्हणून दर महिन्याला कोणी ना कोणी मला फोन करतं, ते कमी नसतात, दुसऱ्या रकान्यात असतात, नीट बघा.

आता पेन्शन मिळायला १० वर्षं सर्व्हिस लागते, ती वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून चालते. पण मधेच सगळं काढून घेतलंस की ती मोजणी परत शून्यावर. पीएफही पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर त्याच्यावर टॅक्स लागतो, आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर पॅन दिलेलं असूनही १० टक्के टीडीएस, म्हणजे टॅक्सचा भाग, आधीच कापतात. ट्रान्सफर केलास तर जुन्या कंपनीची वर्षंही त्या पाचात धरतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के होतं. हाच दर धरून आज खात्यात असलेले एक लाख २५ वर्षं हात न लावता ठेवले तर सव्वासात लाख होतात, दर वरखाली होईल ते सोडा. मी भाच्याला म्हटलं, तू आत्ता ते काढून मोबाईल आणि गोवा करणार, मला माहितीये.

तो हसला, म्हणजे विचार होताच डोक्यात.

यूएएन हा पीएफचा बारा आकडी नंबर आयुष्यभर एकच. नवीन कंपनीत जॉइन होताना तोच द्यायचा, "नवीन काढून देतो" म्हणाले तरी नको म्हणायचं. आणि जुन्या कंपनीनं तुझी सोडल्याची तारीख टाकली का बघ, नाहीतर ट्रान्सफर अडकतं. टाकली नसेल तर शेवटचा पीएफ भरल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर आधार ओटीपीनं टाकता येते, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही, एजंटला पाचशे रुपये द्यायची तर त्याहून नाही.

आपल्याकडं अजून एक खास सोलापुरी भानगड आहे, स्पेलिंगची. तेलुगू आडनावं, कन्नड आडनावं, मराठी कारकुनानं इंग्रजीत लिहिलेली. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं, फंडाला तिसरंच. नोकरीत असताना हे सरळ करायला एचआर मदत करतो, सोडल्यावर फोन उचलत नाही. म्हणून राजीनामा द्यायच्या आधी नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव हे तीन ठिकाणी जुळतंय का बघा. माझ्या ओळखीच्या एका शिलाई कामगार बाईंचे पैसे एका जादा अक्षरावरून दीड वर्ष अडकले होते.

पाच वर्षांचा उंबरठा

मग मी सहज विचारलं, तुला चिंचोळीच्या त्या फॅक्टरीत किती वर्षं झाली? म्हणाला, चार वर्षं नऊ महिने.

मी वही खाली ठेवली.

ग्रॅच्युइटीचा नियम असा की सलग पाच वर्षं पूर्ण झाली की मिळते, प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि पंधरा दिवस मोजताना महिना २६ दिवसांचा धरतात. त्याचं शेवटचं बेसिक १५,०००. पंधरा हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच, उत्तर ४३,२६९ रुपये. तीन महिने आधी सुटलास तर हे गेले, आणि यावर टॅक्सही नाही. चार वर्षं आणि २४० दिवस झाले की पाच धरावेत असे काही हायकोर्टांचे निकाल आहेत, पण कंपनी ते ऐकेलच असं नाही, आणि ४३ हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार. त्यापेक्षा राजीनाम्याची तारीख सरकवणं सोपं. राजीनाम्यानंतरचा नोटीसचा महिनाही सर्व्हिसमध्ये धरतात, म्हणून शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडं जाईल असा राजीनामा द्यायचा, दोनेक महिन्यांनी.

"पण मामा ते तर म्हणायलेत तीस दिवसात जॉइन व्हा."

म्हणू देत. त्यांना एक मेल टाक की माझी जॉइनिंगची तारीख अमुक केली तर बरं होईल. कारण सविस्तर सांगायची गरज नाही. फार फार तर नाही म्हणतील, तेव्हा बघू. आपल्याकडची पोरं मागायलाच लाजतात, ऑफर मिळाली म्हणजे उपकार झाले असं वाटतं, आणि समोरच्याला दहा माणसं बघून, तीन राउंड घेऊन हा एक मिळालेला असतो, त्यालाही परत पहिल्यापासून सुरू करायचं नसतं.

आणि हाच ग्रॅच्युइटीचा मुद्दा नव्या ऑफरला उलटा लावून बघ. महिन्याचे ८१८ त्यांनी सीटीसीत दाखवले, पण तू तीन वर्षांत तिथून उडालास, जे पुण्यात सगळेच करतात, तर ते तुला कधीच मिळणार नाहीत. ठराविक मुदतीच्या करारावर असशील तर नव्या कायद्यात एका वर्षावरही ग्रॅच्युइटी आहे, म्हणून लेटरवर कायम की फिक्स्ड टर्म ते वाच.

नवा कायदा म्हणजे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झाले. नोकरी शोधणाऱ्याच्या कामाच्या त्यात दोन-तीन गोष्टी आहेत. एक, अपॉइंटमेंट लेटर देणं मालकावर बंधनकारक. दुसरं, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आधी काय करायचे, बेसिक ठेवायचं आठ हजार आणि बाकी सगळं स्पेशल अलाउन्स, म्हणजे पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी, हातात जरा जास्त, कामगारही खूश. आता ती पळवाट अरुंद झाली. त्यामुळं नव्या लेटरात बेसिक मोठं आणि इन हँड थोडं कमी दिसलं तर घाबरू नका, कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापत असेल तर तसाही फरक पडत नाही. आणि तिसरं, नोकरी सोडल्यावर राहिलेलं वेतन दोन वर्किंग डेमध्ये द्यायचं. मी कामाला होतो तेव्हा ४५ दिवस हे ठरलेलं उत्तर होतं आणि ते ४५ दिवस नव्वदही व्हायचे, त्यामुळं मेल लिहिताना कलमाचा उल्लेख करायला हरकत नाही, त्या चारातल्या वेज कोडचं कलम १७.

पुणे की सोलापूर

हा भाग जरा नाजूक आहे कारण इथं नुसतं गणित चालत नाही, पण आधी गणित. भाचा इथं २४,००० घरी आणतो, ग्रॉस २६,०००. राहतो घरी, जेवतो घरी, चिंचोळीपर्यंत गाडीचं पेट्रोल दीड हजार. उरतात साडेबावीस. पुण्यात शेअरिंगमध्ये पीजी दोन वेळच्या जेवणासकट ९,००० धरा, स्वस्तच धरलंय, जाणंयेणं दोन हजार, चहा-नाष्टा-मोबाईल तीन हजार, महिन्यातून दोनदा घरी येणं हजार रुपये. पंधरा हजार झाले. ३०,३६० मधून पंधरा गेले की उरले १५,३६०. पगार वाढला सहा हजारांनी, शिल्लक कमी झाली सात हजारांनी.

मग इथल्याएवढी शिल्लक राहायला किती सीटीसी पाहिजे? उलटं गणित केलं, हातात साडेसदतीस हजार यायला हवेत, म्हणजे फिक्स्डच (व्हेरिएबल सोडून) साधारण ५ लाख ३० हजार, आणि दहा टक्के व्हेरिएबल वर धरला तर ५ लाख ९० च्या आसपास. हा आकडा फोनवर बोलायच्या आधी माहीत पाहिजे. "अपेक्षा किती?" असं विचारलं की आपण "कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे" म्हणतो आणि मग वर्षभर कुढतो. आकडा सांगायचा, आणि सीटीसी नाही, फिक्स्ड सांगायचा.

तरी मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही हां. मी स्वतः गेलो होतो सकाळची हुतात्मा पकडून, एक बॅग आणि आईनं दिलेली शेंगा चटणी घेऊन, आणि पहिलं दीड वर्ष शिल्लक शून्य होती. पण इथं मी रजिस्टरमध्ये हजेरी लिहायचो, तिथं पाचशे माणसांचा पगार सॉफ्टवेअरवर काढायला शिकलो, त्याच जोरावर पुढच्या नोकरीत पगार जवळपास दुप्पट झाला. तेव्हा महिन्याला सात हजार कमी उरणार असतील तर ती शिकायची फी समजायची, पण मग शिकायला काय मिळणार ते इंटरव्ह्यूमध्येच विचारून घ्यायचं. भाच्याला इथं जे क्वालिटी चेकिंग करतो तेच तिथं करायचं असेल, फक्त मोठ्या शेडमध्ये, तर फी कसली भरायची?

लाइनच बदलणाऱ्यांना हे अजून जास्त लागू. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर असलेला माणूस मर्चंडायझिंगला जातो किंवा अकाउंट्सचा पोरगा डेटाचं काम शिकतो, तेव्हा पहिल्या वर्षी पगार खाली येऊ शकतो, त्यात कमीपणा नाही. फक्त "ट्रेनी" आणि "अप्रेंटिस" यातला फरक बघा, अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर स्टायपेंड असतो आणि पीएफ नसतो. आणि सध्या हातात रोख पगार घेणाऱ्यांनी, आपल्याकडं पेठांमधल्या दुकानांत आणि कारखान्यांत अजून बरेच आहेत, मालकाला सांगून निदान सहा महिने तरी बँकेत घ्यायला सुरू करा. पुढची कंपनी विचारते आधीचा पगार किती, आणि तुमच्याकडं दाखवायला कागद नसतो. सॅलरी स्लिप नसली तर बँक स्टेटमेंट तरी चालतं.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, बघा. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५, आणि घरच्यांसकट उपचार. नोकरी बदलून पगार त्याच्या वर गेला की हे कवच जातं, त्यामुळं नव्या कंपनीचा मेडिकल इन्शुरन्स आईवडिलांना धरतो का हे विचाराच. घरात बीपी-शुगरचे पेशंट असतील तर या एका प्रश्नाची किंमत दोन हजारांच्या इन्क्रिमेंटपेक्षा जास्त आहे, पण लाजेनं कोणी विचारत नाही.

सही करायच्या आधी

बॉन्ड म्हणजे अमुक वर्षांच्या आत सोडलं तर पैसे भरीन असं लिहून देणं. त्याबद्दल व्हॉट्सॲपवर फिरतं की बॉन्ड बेकायदेशीर असतात, बिनधास्त सही करा. चूक आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायची अट योग्य ठरवली. म्हणजे प्रत्येक बॉन्ड टिकतो असं नाही, रक्कम वाजवी पाहिजे, कंपनीचा खरोखर काही खर्च किंवा नुकसान असायला पाहिजे, पण सही करताना ती रक्कम आपल्याला भरायला लागू शकते हे धरूनच करायची. सोडून गेल्यावर दुसऱ्या कंपनीत कामच करायचं नाही अशी अट मात्र सहसा टिकत नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७.

नोटीस पिरियड तर सगळ्यात दुर्लक्षित ओळ. इथं तीस दिवस, तिथं लिहिलेले नव्वद. आत्ता काही वाटत नाही, पण दोन वर्षांनी चांगली ऑफर येईल तेव्हा समोरचा म्हणेल आम्हाला महिन्यात माणूस पाहिजे. पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते ठरवणार कोण, कंपनी की दोघं मिळून, हे लेटरमध्ये शोधा. लेटरहेडवर कोणाचं नाव आहे तेही बघा. इंटरव्ह्यू मोठ्या कंपनीत झाला आणि लेटर भलत्याच सर्व्हिसेस नावाच्या एजन्सीचं असेल तर तुमचा मालक ती एजन्सी, मोठी कंपनी नाही.

ओरिजिनल मार्कशीट कोणी ठेवून घेत असेल, किंवा जॉइनिंगआधी ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट, आयकार्डचे पैसे मागत असेल तर तिथून उठायचं. यावर अजून काही लिहायची गरज वाटत नाही.

आणि तोंडी ऑफरवर राजीनामा देऊ नका. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पुण्यात असताना एका ठिकाणी साहेब म्हणाले "समजा झालंच, लेटर सोमवारी", मी शनिवारीच राजीनामा टाकला, इतका उत्साह. सोमवार आला, लेटर आलं नाही, मग कळलं वरून भरती थांबवली. अडीच महिने घरी बसलो, त्यातला एक महिना तर घरी सांगितलंच नव्हतं, सकाळी डबा घेऊन निघायचो आणि शनिवारवाड्याच्या बाहेर बसून खायचो.

वर्षाच्या मधे नोकरी बदलली तर जुन्या कंपनीत मिळालेल्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोघंही आपापल्यापुरता टॅक्स मोजतात, दोघंही सूट देतात, आणि रिटर्न भरताना फरक तुमच्या डोक्यावर येतो. भाच्याच्या पगाराला नव्या पद्धतीत टॅक्सच नाही म्हणून तो सुटला, पण पगार मोठा असेल तर हे विसरू नका.

भाच्यानं त्याच रात्री मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं, जॉइनिंगची तारीख आजपासून दोन महिन्यांनंतरची द्यायला तयार, म्हणजे अजून तीन-चार आठवडे कमीच पडतात, ते परत मागायचेत. फिक्स्डमध्ये वाढ "मॅनेजमेंटला विचारून सांगतो". अजून सांगितलेलं नाही. तोपर्यंत त्याला एक काम लावून दिलंय, चार वर्षं नऊ महिन्यांच्या सगळ्या सॅलरी स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर आणि इन्क्रिमेंटची पत्रं कंपनीच्या मेलवरून आपल्या मेलवर उतरवून घ्यायची, कारण राजीनामा मंजूर झाला की लॉगिन कधी बंद होईल ते कोणी सांगून करत नाही. काल फोन करून विचारलं तर म्हणाला अठरा स्लिपा झाल्या, बाकीच्या सापडायल्या नाहीत.